सुट्टीच्या दिवशी मुलांना दगड बघायला कशाला नेता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑफिसात डबा उघडला की कुणीतरी विचारतं, सोसायटीत गाडी पुसताना विचारतात, लग्नाकार्यात तर हमखास. "अहो, लोक रविवारी पोरांना मॉलमध्ये नेतात, पोहायला नेतात. तुम्ही त्यांना उन्हातान्हाचं खेडोपाडी दगड बघायला कशाला नेता?" विचारणाऱ्याच्या मनात मुलांची काळजी असते, त्यामुळे दोन शब्दांत उत्तर देऊन सुटावं असं मला वाटत नाही.

दगड म्हणजे वीरगळ. तुमच्या गावाकडेही असतील. देवळामागच्या भिंतीला टेकवलेले, पाराखाली, वेशीपाशी, ओढ्याच्या काठी. लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभे केलेले. शब्दाचं मूळ कानडी, 'कल्लु' म्हणजे दगड. कर्नाटकात आजही 'वीरगल्लु' म्हणतात. वीरगळ वाचायचा तो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. कधी त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार, एखादा घोडा. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्या आहेत. आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. ते दोघे आकाशात आहेत तोवर याची आठवण राहो, एवढंच मागणं. नाव मात्र बहुतेकांवर नसतं.

लग्नाआधी मी शनिवारी रात्री सॅक पाठीला लावून निघायचो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड. थोरली झाली आणि ते थांबलं, कारण दोन वर्षांच्या पोरीला राजगड चढवता येत नाही. मग गाडी एखाद्या पाराखाली लावायची आणि सपाटीवर जमेल तेवढं चालायचं, असं आम्ही सुरू केलं. पुण्याच्या आसपास अशा वाटांना तोटा नाही. कऱ्हेच्या काठाकाठानं जा, यवतकडून भुलेश्वरच्या डोंगराकडे वळा, नाहीतर बारामतीकडे लोणी भापकरच्या पुष्करणीपाशी जाऊन बसा. अशाच एका देवळाच्या आवारात लेकीला कडेवरून खाली ठेवलं, तर ती थेट एका दगडापुढे जाऊन उभी राहिली. दगड तीन फुटांचा, ती त्याहून थोडी बुटकी. घोड्याच्या पोटावर बोट टेकवून म्हणाली, "घोला." त्या देवळात मी आधी दोनदा येऊन गेलो होतो आणि तो दगड मला दिसला नव्हता. गड मोठ्यांच्या पायांच्या मापाचे असतात. वीरगळ मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो.

आता थोरली नववीत आहे आणि धाकटा चौथीत. महिन्यातले दोन रविवार तरी आम्ही पहाटे निघतो. आदल्या रात्री बायको दशम्या करते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या. सामान थोडकंच असतं: एक विजेरी, शिंप्याची टेप, जाड पुठ्ठ्याची वही, पाण्याच्या जास्तीच्या दोन बाटल्या. पहाटे निघण्याचं कारण म्हणजे उजेड. आपला दगड काळा, बेसॉल्टचा, आणि सातआठशे वर्षांचं ऊनपाऊस खाऊन झिजलेला. दुपारी बाराला त्याच्यापुढे उभे राहाल तर सपाट पाटा दिसेल. सकाळी सात-साडेसातचं ऊन कडेनं, तिरकं येतं, तेव्हा प्रत्येक उंचवट्याला सावली पडते आणि पाट्यातून माणसं उठून उभी राहतात. देवळाच्या आत अंधारात असेल तर धाकटा विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरतो आणि हळूहळू वर सरकवत नेतो. आधी एक पाऊल दिसतं, मग गुडघा, मग ढालीची गोल कड, मग उगारलेला हात. हे बघताना तो पाच-पाच मिनिटं बोलत नाही. एरवी जेवायला बसल्यावर त्याला दोन मिनिटं गप्प बसवत नाही. फारच झिजलेला दगड असला तर बाटलीतलं पाणी ओततो, ओल्या दगडावर रेघ उमटते. खडू किंवा पीठ चोळायचं नाही, खालची माती उकरायची नाही, शेंदूर खरवडायचा नाही. हे तीन नियम थोरलीनं तिसरीत असताना वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, ते अजून आहेत.

पण मुलांना नेण्याचं माझं खरं कारण वेगळंच आहे. पुण्याच्या भोवतालच्या गावात एकटा अनोळखी पुरुष शिरला की लोकांच्या मनात दोनच शंका येतात. एक, हा जमिनीचं बघायला आलाय. दोन, हा गुप्तधन शोधतोय. दोन्ही शंका त्यांनी अनुभवातून घेतलेल्या आहेत, मी त्यांना दोष देत नाही. तोच मी दोन पोरांचा हात धरून गेलो की कट्ट्यावरचा म्हातारा सरकून जागा देतो. "कुठलं गाव? कुणाच्यात आलाय?" अशी सुरुवात होते, आणि दहा मिनिटांत कुणाच्या गोठ्यामागे आणखी एक दगड पडलाय हेही कळतं. बायकोला कोरीव कामाची फार ओढ नाही, ती बायकांत जाऊन बसते. कुठल्या दगडाला दसऱ्याला नारळ फुटतो, कुणाकडे लग्नाआधी तिथे निवद जातो, हे सगळं तिच्याकडून येतं. माझ्या वहीत लांबी-रुंदी असते, तिच्या बोलण्यात तो दगड आज गावाचा कोण लागतो ते असतं. आमची मुलं अनोळखी माणसाला "आजोबा, हा कुणाचा हो?" असं विचारायला बुजत नाहीत. शाळेनं किंवा मी हे त्यांना शिकवलेलं नाही, या फेऱ्यांतून ते आलं.

साताऱ्याकडे तर आम्ही पुन्हापुन्हा जातो. खंबाटकी ओलांडून भुईंजपाशी आत वळलं की किकली. समोर चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले, आणि गावात भैरवनाथाचं जुनं देऊळ. आवारात वीरगळ ओळीनं उभे आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलांनी ते वाटून घेतले, डावीकडचे ताईचे, उजवीकडचे धाकट्याचे. कुणाच्या वाट्याला घोडे जास्त आले यावरून भांडण झालं आणि ते मिटवता मिटवता मीच पहिल्यांदा नीट बघितलं, की एकही वीर दुसऱ्यासारखा नाही. कुणाचा अंबाडा मोठा, कुणाच्या हातात तलवारीऐवजी धनुष्य. कोरणाऱ्यानं गिरवून दिलेला साचा तोच, पण माणूस दर वेळी निराळा काढला. ज्यांचा होता त्यांना ओळखू यावा म्हणून असेल.

तिथून पुढे लिंबची बारा मोटेची विहीर. विरूबाई भोसल्यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, तसा शिलालेख आहे. वरून बघितलं तर शिवपिंडीचा आकार. मोट म्हणजे बैल जुंपून विहिरीतलं पाणी वर ओढायची चामड्याची मोठी पिशवी, पण धाकट्याला तेच माहीत नव्हतं. तिथे बसलेले एक आजोबा उठले, चपला काढल्या आणि स्वतः बैल झाले. खांद्यावर काल्पनिक जू घेऊन उताराच्या धावेवरून पुढे चालत गेले. "आता मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडलं," म्हणाले, आणि तसेच पाठमोरे, एकेक पाऊल मागं टाकत वर आले. "बैल असा मागं यायचा. मागं यायला शिकवायला लई दिवस लागायचे." त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. उताराला बैल जुंपला म्हणजे त्याचं वजनही ओढायच्या कामी येतं, हे मी पुस्तकात वाचून सांगितलं असतं तर मुलगा विसरला असता. त्या दिवशी तो आजोबांच्या मागून चार वेळा उलटा चालला.

बोरिवलीला माझी सासुरवाडी. तिथल्या एकसर गावातले वीरगळ पाहायला एका दिवाळीत सगळ्यांना नेलं. ते मोठे, माणसाहून उंच, आणि त्यांतल्या काहींवर गलबतं कोरलेली आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या 1265 च्या सुमाराच्या समुद्रावरच्या लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. देशावरची आमची पोरं, दगडात समुद्र पहिल्यांदाच बघत होती.

आता एक अवघड गोष्ट सांगतो, कारण "मुलांना हे कशाला दाखवायचं" असंही काहीजण विचारतात. वीरगळांच्या शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते. कोपरात वाकवून उभा केलेला हात, पंजा उघडा, मनगटापासून बांगड्या. थोरली दहा वर्षांची असताना तिनं तो हात बघितला, आपला हात तसाच वाकवून धरला आणि विचारलं, "हिनं काय केलं होतं?" मी गप्प झालो. बायको पुढे आली आणि तिनं काही न लपवता सांगितलं. नवरा लढाईत मेला, तेव्हा हिला त्याच्या चितेवर जाळलं, आणि मग देवी म्हणून दगड उभा केला. लेक म्हणाली, "मग हिच्या दगडावर हिचं तोंड का नाही?" दोघांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. परत येताना गाडीत मी तिला 1829 सालच्या बेंटिंकच्या सतीबंदीच्या कायद्याबद्दल सांगितलं, राममोहन रॉय यांच्याबद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून कुठेही गेलं तरी ती आधी बांगड्या शोधते, आणि तिच्या वहीत सतीशिळांची वेगळी पानं आहेत. प्रत्येकीच्या बांगड्या मोजून लिहिलेल्या. माझ्या मते हे मुलांपासून लपवणं चूक आहे. वीराचा घोडा दाखवायचा आणि शेजारचा हात दाखवायचा नाही, तर दाखवूच नये काही.

या वहीची किंमत आम्हाला एका गावात कळली. गावाचं नाव घेत नाही, माणसं भली आहेत. तिथे देवळाच्या पायरीजवळ एक सुरेख वीरगळ होता, खालच्या चौकटीत सात गाई. थोरलीनं पहिल्यांदा स्वतः मोजून काढलेला तोच. तीन वर्षांनी गेलो तर जुन्या देवळाच्या जागी नवं देऊळ, चकचकीत फरशी, रंगीत कळस. दगड नव्हता. विचारलं तेव्हा दोघंतिघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग एकानं मंडपाकडे बोट केलं. भरावात गेला होता. मुद्दाम कुणी केलं नाही, ट्रॅक्टर भरून दगड आले त्यात हाही ढकलला गेला. लेक मंडपाच्या फरशीवर बसून रडली. मीही तिला समजावण्याच्या अवस्थेत नव्हतो. सातशे वर्षं कुणीतरी दर पावसाळ्यात त्याच्या बाजूनं वाट काढत होतं, आणि एका उन्हाळ्यात तो गेला. उरला तो फक्त लेकीच्या वहीत.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट सुरू केली. ज्या गावात जातो तिथल्या दगडांची चित्रं लेक नीट काढते, मी खाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो: हा वीरगळ आहे, खालून वर असा वाचा, तुमच्या गावासाठी मेलेल्या माणसाचा आहे. एका ए-फोर कागदावर सगळं मावतं. लॅमिनेट करायचं आणि पुढच्या फेरीत देवळाच्या पुजाऱ्याकडे नाहीतर शाळेतल्या गुरुजींकडे नेऊन द्यायचं. खर्च किरकोळ. आतापर्यंत एकोणीस गावांत दिले. सगळीकडे टिकलेत असं नाही. पण एका गावात ओढ्यात कपडे धुवायला घेतलेला दगड पोरांनी उचलून पारावर आणून ठेवला, आणि दुसऱ्या गावी यात्रेच्या आधी वीरगळांना ऑइलपेंट द्यायचं ठरलं होतं ते सरपंचबाईंनी थांबवलं. आमचा कागद दोन्ही ठिकाणी भिंतीवर आहे.

मागच्या महिन्यात पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीवर होतो. घराच्या कुडाला टेकवलेला वीरगळ, त्यावर गोवऱ्या रचलेल्या. आजींनी धाकट्याचं तोंड बघितलं आणि काही न विचारता एकेक गोवरी उचलून बाजूला केली. वरची चौकट दिसली, अप्सरा दिसल्या, घोडा दिसला. सगळ्यात खालची चौकट मात्र निम्मी मातीत होती. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. जमीन वर येते आणि पडलेला वीर पहिला गाडला जातो. धाकटा गुडघे टेकून बसला, बोटांनी मातीची कड चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. नियम त्याला पाठ आहे, तरी मला वाटलं, आज हो म्हणावं.

आजीच म्हणाल्या, "मेल्याला हाय न्हवं त्यो? मग ऱ्हाऊ दे की बाळा झाकल्याला."

त्यानं हात झटकले, वही मांडीवर घेतली, चार चौकटी आखल्या. वरच्या तीन भरल्या. खालच्या चौकटीत अर्ध्यापर्यंत पेन्सिलीनं माती काढली आणि तिच्यावर लिहिलं, "आत आहे."