मॅन्डोलिनवर जिग बसवताना: उजवा हात आणि दुसऱ्यांचे कान

आम्ही काही हौशी वादक एकच आयरिश धून घेतो, आपापल्या घरी बसवतो, रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवतो आणि ऐकून काय वाटलं ते लिहून कळवतो. यावेळची धून होती ‘केश जिग’. जिग म्हणजे आयरिश नाचाच्या धुनेचा एक प्रकार. सुरुवात करणाऱ्याला जिग कशी बसवायची हे विचारलं की बहुतेक जण डाव्या हाताची बोटं दाखवतात. माझा अनुभव उलटा आहे. डावा हात दोन-तीन दिवसांत तयार होतो, जिग अडते ती उजव्या हातात. आणि तिथली चूक वाजवणाऱ्याला सहसा ऐकूच येत नाही.

आधी ठेका. जिग ६/८ मध्ये असते, म्हणजे बारला (एका आवर्तनाला) सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन गटांत. आपल्याला दादरा लगेच आठवतो आणि पहिल्या दिवशी त्याचा उपयोगही होतो. पुढे मात्र तोच आड येतो, कारण जिगच्या तीन मात्रा सारख्या नसतात. पहिली किंचित लांबते, दुसरी आखडते, तिसरी मधली. हे कागदावर लिहिता येत नाही, नोटेशनमध्ये सहाही सारख्याच दिसतात. म्हणून मी वाद्य हातात घेण्याआधी चार-पाच दिवस नुसतं ऐकलं. ‘बॉथी बँड’ या आयरिश लोकसंगीताच्या गटाच्या १९७५ च्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच धुनेने होते. ते वादन वेगवान आहे, शिकायला सोयीचं नाही, पण असमान मात्रांचा हा झोका कसा असतो ते त्यात पक्कं कळतं. शिकण्यासाठी कोणीतरी एकट्याने, सावकाश वाजवलेलं रेकॉर्डिंग वेगळं ठेवावं. धून तोंडाने पूर्ण गुणगुणता येईपर्यंत पिक (तारा छेडायची छोटी चकती) उचललं नाही.

धुनेची बांधणी सोपी आहे: आठ बारचा पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा भाग दोनदा, एकूण ३२ बार. प्रत्येक बारला पायाचे दोन ठोके, म्हणजे एका फेरीला ६४ ठोके. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६४ वर लावला तर एक फेरी बरोबर एका मिनिटात संपते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

वाद्याबद्दल थोडक्यात. मॅन्डोलिनला चार जोड्या, आठ तारा, खर्जाकडून जी, डी, ए, ई या पाश्चात्य स्वरांत लावलेल्या, म्हणजे व्हायोलिनसारख्याच. सुरात लावताना जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करायची, दुसरी ट्यूनरवर लावायची आणि मग पहिली तार ट्यूनरकडे न बघता दुसरीशी कानाने जुळवायची. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात लाटा आल्या तर जोडी जुळलेली नाही. लाटा मंद होत थांबल्या की झालं. खुंटी नेहमी खालून वर चढवत आणायची, स्वर वर गेला तर हव्या स्वराच्या खाली उतरवून परत चढवायचा. नाहीतर दहा मिनिटांत तार सैल पडते. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते, त्यामुळे तारा बदलताना एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या की घोडी सरकते आणि बाराव्या फ्रेटवरचे (मानेवरच्या आडव्या पट्टीवरचे) स्वर बेसूर होतात. पिक जाड हवं, एक ते दीड मिलिमीटर. पातळ पिक वाकतं आणि प्रत्येक आघात किंचित उशिरा पडतो. रमतगमत वाजवताना ते कळत नाही, जिगमध्ये चटकन कळतं.

आता उजवा हात. सहा मात्रांना खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. सरोदचे बोल माहीत असतील तर दा-रा-दा, दा-रा-दा. काही जण सरळ खाली-वर, खाली-वर असंच वाजवतात आणि उत्तम वाजवतात. पण त्यात दुसरा मोठा ठोका वरच्या आघातावर येतो आणि नवख्याच्या हातून तो हमखास दुबळा पडतो. खाली-वर-खालीत दोन्ही ठोके वजनदार आघातांवर येतात. मोल एवढंच की तिसरा आणि चौथा हे दोन्ही आघात खालीच असतात. मधे हात तारांना न लागता हवेतून वर यायला हवा. त्यासाठी तिसरा आघात मुद्दाम छोटा ठेवायचा, पिक तारेच्या पलीकडे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाईल इतकाच. तारा डाव्या तळव्याने मुक्या करून, ६० च्या लयीत, रोज पाच मिनिटं फक्त हे केलं. कंटाळवाणं आहे. आठवड्याने हात त्याच्या त्याच्या चालीने फिरायला लागतो.

धून दोन-दोन बारच्या तुकड्यांत घेतली. बोटं व्हायोलिनच्या हिशेबाने: पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर, मधलं तिसऱ्या-चौथ्यावर, अनामिका पाचव्यावर, करंगळी सातव्यावर. सुरुवातीचा जी म्हणजे डी तारेचा पाचवा फ्रेट. तो लांब स्वर आहे आणि तिथेच मॅन्डोलिनचं दुखणं उघडं पडतं, कारण या वाद्याचा स्वर लगेच विझतो. बासरी किंवा व्हायोलिन त्या तीन मात्रा भरून काढतात, आपल्याला काहीतरी करावं लागतं. ट्रेमोलो (एकाच स्वरावर भराभर खाली-वर आघात) नको, त्याने जिगची सेरेनेड, म्हणजे हळुवार प्रेमगीत, होते. मी सुरुवातीला जी-ए-जी असं साधं वाजवलं. दुसरा मार्ग म्हणजे खालची मोकळी जी तार सोबत हलकेच छेडायची. खालच्या सप्तकातला जी घुमत राहतो आणि पोकळी भरते.

तिसऱ्या बारमध्ये ई-डी-डी, जी-डी-डी आहे. ई मी ए तारेच्या सातव्या फ्रेटवर घेतो, म्हणजे ई-डी-डी एकाच जोडीवर राहतं आणि वरचा जी ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. इथे तिसरा आघात ए जोडीवर खाली आणि चौथा शेजारच्या ई जोडीवरही खालीच. पिक वाटेतच असल्यामुळे ते आपसूक घसरत जातं आणि जी वेळेच्या आधी वाजतो. सोपी जागा आहे म्हणूनच चुकते. तिसऱ्या आघातानंतर पिक क्षणभर थांबवायचं, हात घसरू द्यायचा नाही.

खरी अडचण चौथ्या बारच्या शेवटी. तिथे ई-डी-बी, डी-बी-ए आणि लगेच पाचव्या बारचा जी. शेवटचा ए मोकळ्या तारेवर घेतला तर आघात ए जोडीवर खाली पडतो, पुढचा जी डी जोडीवर, तोही खाली. पिकला दोन्ही जोड्या ओलांडून उलट वर यावं लागतं. ६४ च्या लयीत जमतं, ८० ला जी उशिरा येतो.

मला हे माझ्या वादनात ऐकू आलं नव्हतं. पहिलं रेकॉर्डिंग पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, चुका दोन, दोन्ही दुसऱ्या भागातल्या, जिथे धून ई तारेच्या सातव्या फ्रेटपर्यंत चढते आणि करंगळी ताणली जाते. परत आलेल्या अभिप्रायांत करंगळीचा उल्लेखही नव्हता. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं: पाचव्या बारची सम दरवेळी मागे पडते. शिवाय, दुसरी मात्रा पहिलीइतकीच जोरात येते म्हणून झोका सपाट होतो, ई जोडी किंचित जुळत नाही, आणि लय पळते.

लय पळते हे मी मान्य केलं नाही. मग हिशेब केला. एका फेरीचे ६४ ठोके, म्हणून ३८४० भागिले फेरीचे सेकंद केलं की मिनिटाला किती ठोके ते निघतं. माझी पहिली फेरी ४६ सेकंदांची, तिसरी ४१ ची. म्हणजे सुमारे ८३ वरून ९४ वर. वाद घालायला जागाच उरली नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘वा, छान!’ असं लिहिणं गोड असतं आणि त्याचा उपयोग शून्य असतो. उत्तेजन द्यायचं तर तेही नेमकं द्यावं: ‘दुसऱ्या भागाच्या शेवटी झोका सुंदर आलाय, पहिल्या भागात तो हवा.’ दोष सांगताना बार आणि मात्रा सांगावी. एका वेळी एक-दोनच गोष्टी, सातांची यादी आली की माणूस वाद्य पेटीत ठेवतो. ६० च्या लयीत एकही दागिना न घालता स्वच्छ वाजवलेल्या जिगला ‘आता वेग वाढव’ असं कोणी लिहू नये, ती तशीच संपूर्ण असते. आणि स्वर वेगळा ऐकू आला तर चूक ठरवण्याआधी विचारावं. या धुनांचे पाठ वेगवेगळे असतात, आयरिश धुनांचे संग्राहक कॅप्टन फ्रान्सिस ओ’नील यांनी शिकागोत १९०३ साली १८५० धुना छापल्या तरी सगळे त्यांच्याबरहुकूम वाजवत नाहीत.

रेकॉर्डिंगचंही तंत्र आहे, पण फार नाही. फोन ४० सेंटिमीटरवर, मान जिथे पोटाला मिळते त्या जागेकडे तोंड करून ठेवला. आवाजाच्या भोकासमोर ठेवला की खर्ज गुरगुरतो आणि पिकची टकटक वाढते. आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय फोनमध्ये असेल तर बंद करावी, नाहीतर वजनदार आणि हलका आघात सारखेच ऐकू येतात आणि झोक्याबद्दलचे सगळे अभिप्राय वाया जातात. मेट्रोनोम कानात, रेकॉर्डिंगमध्ये नाही. तीन फेऱ्या सलग, मधे तुकडे न जोडता. सोबत लय, पट्टी आणि नेमकं काय ऐकून हवंय ते लिहिलं.

दुरुस्ती अशी केली. चौथ्या बारचा शेवटचा ए मोकळ्या तारेवरून काढून डी तारेच्या सातव्या फ्रेटवर करंगळीने घेतला. ए आणि जी दोन्ही डी जोडीवर आले, उडी गेली. लय पळू नये म्हणून मेट्रोनोम अर्ध्यावर आणला आणि टिक फक्त बारच्या पहिल्या ठोक्यावर ठेवली, उरलेला ठोका आपण सांभाळायचा. आणि पूर्ण धून वाजवणं थांबवून फक्त सांधे घोटले: पहिल्या भागाचा शेवट ते त्याचीच सुरुवात, पहिला ते दुसरा, दुसरा ते दुसरा, दुसरा ते पहिला. प्रत्येक सांध्याच्या आधीचे दोन बार, नंतरचे दोन. अडखळणं जवळजवळ नेहमी सांध्यावरच असतं, कारण आपण तुकडे घोटतो, तुकड्यांमधली फट घोटत नाही.

ट्रेबल, म्हणजे भराभर आघातांचा दागिना, सगळ्यात शेवटी घातलं. सुरुवातीच्या जी वर पहिल्या एका मात्रेत दोन स्वर, उरलेल्या दोन मात्रांना एकेक, हात खाली-वर-खाली-वर, आणि पुढचा ठोका परत खाली. पिक टोकापुरतंच तारेत, पकड ढिली. घट्ट धरलं की पिक जोडीत अडकतं आणि ट्रेबलऐवजी खरखर निघते. एका भागात दोनपेक्षा जास्त ठेवले नाहीत.

तीन आठवड्यांनी ८८ च्या लयीत दुसरं रेकॉर्डिंग पाठवलं. तीन फेऱ्या, ४४, ४४ आणि ४३ सेकंद. पाचव्या बारचा जी वेळेवर आला होता. पण त्याआधीचा करंगळीचा ए, आजूबाजूच्या मोकळ्या तारांच्या मानाने, बोथट ऐकू येतो असं एकाने लिहिलं. खरं होतं, बोट फ्रेटच्या मागे फार लांब पडत होतं. ते सातव्या फ्रेटच्या अगदी कडेला सरकवलं आणि अंगठा मानेमागे थोडा खाली घेतला, तेव्हा ए मोकळा झाला.