सोलापूरचं सूत, सोलापूरचं ऊन आणि लॅपटॉप : आमची वाटचाल

२०११ साली सोलापुरात दुकान टाकलं ते डेस्कटॉप जोडून द्यायला आणि प्रिंटरची कामं करायला. लॅपटॉप क्वचितच यायचा. पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांमधून लॅपटॉप येऊ लागले. तक्रार एकच : गरम होतो, मधेच बंद पडतो.

उघडला की फॅन आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) यांच्यामध्ये सुताची लव दाबून बसलेली. चिमट्याने ओढली तर अखंड पट्टी निघते. फॅन जोरात फिरत असतो, पण गरम हवेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की आधी वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणून ‘स्लो झालाय, फॉरमॅट मारा’ म्हणत येणाऱ्याला आम्ही आधी तापमान दाखवतो. फॉरमॅट मारून सूत निघत नाही!

त्यात आपलं ऊन. फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो. खोलीतच चाळीस अंश असतील तर तो गार करणार कशाने? हिवाळ्यात निभावलेला लॅपटॉप मे महिन्यात हमखास आमच्या टेबलावर येतो. कारखान्यांशी वार्षिक करार सुरू केले तेव्हा पहिली सफाई होळीच्या आधी ठरवली, ती यासाठीच. मागाच्या शेडमधले लॅपटॉप दर तीन-चार महिन्यांनी उघडतो, घरच्यांना वर्षातून एकदा पुरतं.

कामाची पद्धत मात्र सगळ्यांना एकच. आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी, पण वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवी तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची. नवीन मुलांना आम्ही हे हाताला धरून शिकवतो. घाईत केलेल्या सफाईला माझ्या लेखी किंमत नाही.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा आणि ऑफिस दोन्ही गादीवर आले. खालच्या जाळ्या चादरीने बंद, मग लॅपटॉप तापणारच. तेव्हा सुताराकडून मागची बाजू दीड-दोन इंच उचलणारे लाकडी स्टँड करून घेतले. आजही प्रत्येक सफाईबरोबर एक देतो. टॅली आणि मेलपुरताच वापर असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून देतो. बहुतेक मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा नेहमीपेक्षा जादा वेग, थांबतो, उष्णता लक्षात येण्याइतकी उतरते, आणि हिशेबाच्या कामात फरक जाणवत नाही.

उष्णतेचा खरा धोका बॅटरीला. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, आणि त्याच दिवशी घेऊन या. अशा तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही.