पोराला सोळाव्या वर्षी युरोपात पाठवू का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘सर, पोरगं चांगलं खेळतंय. सोळाचं झालं की युरोपात पाठवावं म्हणतोय. पाठवू का?’ कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न वरचेवर येतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. सोबत बहुतेक वेळा परदेशातल्या कुठल्यातरी अकादमीचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं आणि त्यावर एक लाखांतला आकडा असतो.

माझं उत्तर आइसलँडपासून सुरू होतं. समोरचे पाहुणे जरा बिचकतात. म्हणतात, सर, ब्राझील सांगा, जर्मनी सांगा, हे बर्फातलं काय काढलंत? पण कोवळ्या पोरांना परदेशी खेळायला पाठवण्याचा अनुभव या देशाइतका फार थोड्यांना असेल. लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराहूनही कमी. घरची लीग उन्हाळ्यापुरती, तिच्यात पैसा बेताचा. फुटबॉलवरच पोट भरायचं असेल तर बाहेर पडण्याला पर्याय नाही. अल्बर्ट गुडमुंडसन 1940च्या दशकात बाहेर पडला, इंग्लंड-फ्रान्स करत मिलानपर्यंत पोचला आणि पुढे देशाचा अर्थमंत्रीही झाला. वेस्टमन बेटांवरचा आसगेर सिगुरविन्सन 1973 मध्ये अठराव्या वर्षी बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजला गेला आणि 1984 मध्ये श्टुटगार्टबरोबर जर्मन लीग जिंकला. ही वाट जुनी आहे.

मी सांगतो ती गोष्ट मात्र आयडर गुडजॉनसनची. चेल्सी आणि बार्सिलोनाचा आयडर सगळ्यांना आठवतो. मला त्याची त्याच्या आधीची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

त्याचा बाप आर्नोर स्वतः मोठा खेळाडू. आयडर जन्मला 1978 मध्ये, तेव्हा बाप सतरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षी तो बेल्जियमच्या लोकेरेनला गेला. पुढे अँडरलेख्टला. 1984च्या यूएफा कपच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची पेनल्टी आर्नोरची होती आणि ती गोलकीपर टोनी पार्क्सने अडवली. तीनच वर्षांनी, 1986-87च्या मोसमात, आर्नोर बेल्जियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. अशा घरातलं पोर. बाहेरच्या देशात कसं राहायचं, ड्रेसिंग रूममध्ये कोण काय बोलतं, हे त्याला बापाकडे बघूनच कळलं असणार. हा फायदा आपल्या पोरांना नसतो, तेवढं ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

1994 मध्ये पंधरा वर्षांचा आयडर राजधानी रेक्याविकच्या वालुर क्लबकडून मोठ्यांच्या लीगमध्ये उतरला आणि गोल करायला लागला. लगेच हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोवनने त्याला उचललं. त्याच वर्षी ब्राझीलहून तिथे आणखी एक कोवळा फॉरवर्ड आला होता, रोनाल्डो. आयडरपेक्षा दोन वर्षांनीच मोठा. रोज सरावाला रोनाल्डो शेजारी! 1995-96 मध्ये आयडर पीएसव्हीच्या पहिल्या संघातून खेळायला लागला, गोलही केले. माहितीपत्रकवाल्यांनी गोष्ट इथेच थांबवली असती.

24 एप्रिल 1996 ला टॅलिनमध्ये आइसलँडचा एस्टोनियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. दुसऱ्या हाफमध्ये बदलीचा फलक वर गेला. चौतीस वर्षांचा आर्नोर मैदानाबाहेर आला आणि त्याच्या जागी सतरा वर्षांचा आयडर आत गेला. आंतरराष्ट्रीय सामन्यात बापाच्या जागी लेक! जगभर बातमी झाली. दोघांना एकाच वेळी मैदानात उतरवायचं मात्र मुद्दाम टाळलं होतं. आइसलँड फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं की तो क्षण घरच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर यावा. घरचा पुढचा सामना काही आठवड्यांवरच होता, तेव्हा थांबायला काय हरकत, असा तो हिशेब.

त्याच्या आतच, मे महिन्यात, आयडर अठरा वर्षांखालच्या संघातून आयर्लंडविरुद्ध खेळला आणि त्याचा घोटा मोडला. साधा मोडला असता तर चार-सहा महिन्यांत भागलं असतं. हे दुखणं चिघळलं आणि सुमारे दोन वर्षं खाऊन गेलं. बाप-लेक एकत्र कधीच खेळले नाहीत. ही खंत आर्नोरने नंतर बोलून दाखवली आहे.

हा भाग मी पालकांना सावकाश सांगतो. सतरा-अठराचं पोर, परक्या गावात, पाय धड नाही. क्लबात रोज नवे खेळाडू येतायत, रोनाल्डो बार्सिलोनाला निघून गेलाय. क्लब दुष्ट होता असं मुळीच नाही. पण व्यावसायिक क्लबात जो खेळू शकत नाही तो हळूहळू दिसेनासा होतो. सरावाच्या याद्या त्याच्याशिवाय लागतात, दौरे त्याच्याशिवाय निघतात. पीएसव्हीतलं त्याचं पर्व तिथेच आटोपलं.

आणि 1998 मध्ये आयडर घरी परतला. रेक्याविकच्या केआर क्लबने त्याला घेतलं. वजन वाढलेलं, धाव मंदावलेली. लीगचे सहा सामने खेळला, एकही गोल नाही. आपल्याकडे अशा पोराचं काय झालं असतं याची कल्पना तुम्हीच करा. पेठेतल्या कट्ट्यावर ‘गेला होता मोठा हॉलंडला’ हे ऐकत त्याचा उन्हाळा गेला असता. रेक्याविकमध्येही जिभा असतीलच. पण त्याला जर्सी मिळाली, सामने मिळाले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या बोल्टनने त्याला बोलावलं. बोल्टनमध्ये आइसलँडचे दोघे आधीच होते, गुडनी बर्गसन आणि आर्नर गुनलॉगसन. गुडनी तर जुनाजाणता, पुढे महासंघाचा अध्यक्ष झालेला माणूस. परक्या ड्रेसिंग रूममध्ये आपल्या भाषेत ‘जेवलास का’ विचारणारं कुणी असणं म्हणजे काय, हे पुण्याच्या होस्टेलवर राहून आलेल्या कुठल्याही कोल्हापूरकराला विचारा.

पुढचं भराभर सांगतो. 1999-2000च्या मोसमात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून 21 गोल केले, बोल्टन दोन्ही कपांच्या उपांत्य फेरीत पोचलं आणि त्या उन्हाळ्यात चेल्सीने 40 लाख पौंड मोजून त्याला नेलं. चेल्सीबरोबर दोन लीग, मग बार्सिलोना, 2009चा चॅम्पियन्स लीग विजय. ते सगळं यूट्यूबवर आहे.

माझ्या लेखी आयडरच्या सुरुवातीच्या वर्षांतली सगळ्यात मोलाची गोष्ट रोनाल्डोचा शेजार नाही, टॅलिनची ती बदलीही नाही. ते केआरचे सहा सामने आहेत. म्हणून पोराला पाठवू का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: परत आला तर कुठे खेळेल?

आता कायद्याचं, कारण माहितीपत्रकात ते बारीक अक्षरातही नसतं. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी तिकडे राहायला गेले, तर एक. दुसरा अपवाद युरोपियन युनियन आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतला: तिथे सोळा ते अठराच्या पोराला, शिक्षणाची आणि राहण्याची नीट सोय केली तर, बदली मिळते. आइसलँड या आर्थिक क्षेत्रात आहे, भारत नाही. म्हणजे रेक्याविकचं सोळाचं पोर कोपनहेगनला कायदेशीर जातं आणि आपलं पोर त्याच वयात तिथे गेलं तर बहुतेक वेळा पैसे भरणारा विद्यार्थी म्हणून राहतं, सराव करतं, फोटो पाठवतं. त्याला त्या क्लबच्या अधिकृत सामन्यात खेळता येईलच असं नाही. हे सांगितल्यावर निम्मी संभाषणं तिथेच संपतात.

ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनबाहेर पडल्याने, तर आइसलँडच्या पोरांचाही इंग्लंडचा रस्ता अडवला. आइसलँडचा गिल्फी सिगुर्डसन 2005 मध्ये शाळकरी वयातच रेडिंगच्या अकादमीत गेला होता. तिथून त्याला अनुभवासाठी श्रूसबरी आणि क्रू अशा खालच्या श्रेणीतल्या क्लबांकडे लोनवर, म्हणजे काही काळ उसना, धाडलं. जानेवारी 2010 मध्ये अ‍ॅनफील्डवर, लिव्हरपूलविरुद्ध, भरपाई वेळेत पेनल्टी मारायला तोच पुढे आला आणि मारलीही. रेडिंगने तो कपचा सामना जादा वेळेत जिंकला. आज तसं सोळाचं पोर अठरापर्यंत इंग्लंडमध्ये जाऊच शकत नाही. ती आता डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, इटली अशी पांगतात.

त्यातलाच एक ओरी स्टाइन ऑस्करसन. रेक्याविकला लागून असलेल्या सेल्त्यार्नारनेसचा, क्लब ग्रोटा. तेराव्या वर्षी मोठ्यांच्या संघातून पहिला सामना खेळला आणि दोन गोल केले. सोळाच्या आसपास एफसी कोपनहेगनमध्ये. तिथेही लगेच काही झालं नाही, 2023च्या सुरुवातीला त्याला सॉन्डरयिस्के या दुसऱ्या डॅनिश क्लबकडे लोनवर पाठवलं. त्याच उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत कोपनहेगनची गाठ आइसलँडच्याच ब्रेदाब्लिकशी पडली. ब्रेदाब्लिकचा प्रशिक्षक होता ओरीचा बाप, ऑस्कर थोरवाल्डसन. कोपनहेगनने तो सामना 6-3 जिंकला आणि सहापैकी तीन गोल ओरीचे. त्या बापाचा त्या रात्रीचा चेहरा मला अजून नीट वाचता आलेला नाही. 2024 मध्ये ओरी सुमारे 2 कोटी युरोंना रेआल सोसिएदादला गेला, 2025 मध्ये विसाव्या वर्षी देशाचा कप्तान झाला. त्याला कप्तान करणारा राष्ट्रीय प्रशिक्षक कोण? आर्नर गुनलॉगसन, आयडर पोचला तेव्हा बोल्टनमध्ये असलेला तोच.

घरचा क्लब पोराची कदर करतो त्यामागे नुसती माया नाही, व्यवहारही आहे. खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्यांनी ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांत वाटायचे असतात. बारा ते पंधरा या वर्षांसाठी दरवर्षीचा पाव टक्का. 2 कोटी युरोंवर हा पाव टक्का म्हणजे 50 हजार युरो, एका वर्षामागे. छोट्या उपनगरातल्या क्लबाला ही रक्कम लहान नाही. पण ती मिळायला पोराची नोंदणी कागदावर हवी, वर्षानुवर्षांची. आपल्या तालमींच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबांच्या, कपाटांत ढाली-करंडक चकचकीत ठेवलेले असतात आणि पोरांच्या नोंदणीचे कागद शोधायला बसलं की चहा दोनदा येऊन थंड होतो.

आपल्याकडचं उदाहरण विचाराल तर अनिकेत जाधव. कोल्हापूरचं पोर, 2017च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलं. नंतर तो ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही काळ सरावाला जाऊन आला. त्या क्लबचे मालक पुण्याचे वेंकीज. परत आल्यावर त्याला जमशेदपूर एफसीसारखा संघ होता. आता त्याच ब्लॅकबर्नमध्ये आयडरचा मुलगा आंद्री आलाय.

म्हणून पाठवायचंच असेल तर माझ्या दोन मागण्या असतात. एक, त्या अकादमीकडून लेखी घ्या की पोराची नोंदणी कोणत्या महासंघाकडे, कोणत्या वयोगटाच्या स्पर्धेसाठी होणार आहे. ‘ट्रायल होईल’, ‘स्काउट येतील’ ही उत्तरं नव्हेत. दोन, जायच्या आधी पोराला इथल्या क्लबच्या सेक्रेटरीकडे घेऊन जा आणि तो परतला तर त्याच्यासाठी जागा राहील ना, हे पोराच्या समोर विचारा. दुसरी मागणी ऐकून पालक बहुधा नाराज होतात. निघायच्या आधीच परतीचं बोलणं अशुभ वाटतं त्यांना. पोरं मात्र मान वर करून बघतात, कारण तो प्रश्न त्यांना कधीचा पडलेला असतो आणि घरात विचारायची सोय नसते.