आकडा ११०, तरी तोंडात लिमलेट का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितेच. कचराळी तलावाच्या फेऱ्या मारता मारता हे सांगायला घेतलं की नेमका अर्ध्यावर कोणाचा तरी फोन वाजतो. प्रश्न नेहमीचाच आहे. सुरुवात दंडावरच्या पांढऱ्या चकतीपासून होते, "हे काय चिकटवलंय?", आणि मग खरी शंका बाहेर येते: "अहो, मघाशी मोबाइलवर शुगर ११० दाखवत होती, नॉर्मलच की! तरी तुम्ही पर्समधून लिमलेट काढून चघळायला लागलात. आणि परवा बारशाला २२० होती, तेव्हा मात्र खुशाल गप्पा मारत बसलात. उलटंच नाही का हे?"

उलटं नाहीये. दंडावरची चकती म्हणजे मधुमेहात सतत शुगर मोजायला लावतात तो सेन्सर. मोबाइलवर त्याच्या आकड्याशेजारी एक बाण असतो. तुम्ही आकडा बघितलात, मी बाणही बघितला होता.

ठाणे स्टेशनवर उभं असताना "गाडी मुलुंडला आहे" एवढंच कोणी सांगितलं तर काय उपयोग? ती कल्याणकडे येतेय की सीएसएमटीकडे चाललीय, स्लो आहे की फास्ट, हे कळल्याशिवाय प्लॅटफॉर्म कुठला धरायचा? बोट टोचून मीटरवर येतो तो आकडा म्हणजे नुसतं मुलुंड. बाकीचं बाण सांगतो.

माझ्या दंडावर आहे तो फ्रीस्टाइल लिब्रे. चकतीखाली केसासारखा बारीक धागा असतो, तो कातडीखाली जातो. लावताना चापट मारल्यासारखा आवाज होतो, दुखत मात्र नाही. पहिला एक तास तो काहीच दाखवत नाही, मग १४ दिवस चालतो आणि आपणहून बंद पडतो. म्हणजे महिन्याला दोन लागतात, आणि स्वस्त मुळीच नाहीत. ठाण्याच्या मे महिन्यात, घाम आणि लोकलची गर्दी यांच्यात तो टिकवायचा तर वरून पट्टी लावावी लागते.

आता बाण. या सेन्सरला ते पाच असतात. आडवा बाण म्हणजे शुगर दर मिनिटाला १ पेक्षा कमी वेगाने हलतेय (इथले सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचे). तिरका बाण म्हणजे मिनिटाला १ ते २, वर किंवा खाली. सरळ उभा बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण गुणाकार करून बघा. मिनिटाला २ म्हणजे पाव तासात ३० आणि अर्ध्या तासात ६०.

तर त्या दिवशीचे ११०. बाण सरळ खाली होता. वेग तसाच राहिला असता तर वीस मिनिटांत ७०, आणि ७० च्या खाली गेलं की शुगर लो झाली असं धरतात. त्यात आणखी एक भानगड आहे. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्राव असतो त्यातली मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर याने काही बिघडत नाही. ती भराभर उतरत असेल तर मात्र मोबाइलवर ११० दिसत असताना रक्तात ती आधीच ९०–९५ च्या आसपास असू शकते. म्हणजे हाताशी वीस मिनिटंसुद्धा नव्हती. शिवाय मी नाश्त्याआधीचं इन्सुलिन दीड तासापूर्वी घेतलं होतं. जेवणाआधी घ्यायचं हे जलद इन्सुलिन एक-दोन तासांच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतं. ते जोरात, वर तलावाच्या फेऱ्या. लिमलेट नको तर काय!

तेच ११० आडव्या बाणासह दिसले असते, तर मी तुमच्याबरोबर आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या. आणि वर जाणाऱ्या बाणासह दिसले असते, तर आज पोह्यांनी काय दिवे लावले याचा विचार करत.

बारशाचे २२० आठवा. जेवण होऊन तास झाला होता, इंजेक्शन जेवणाआधीच घेतलं होतं, आणि बाण आडवा झाला होता. म्हणजे चढ संपला होता आणि घेतलेलं इन्सुलिन अजून बरंच शिल्लक होतं. हे इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत राहतं. अशा वेळी आकड्याला घाबरून आणखी दोन युनिट टोचली की इंजेक्शनवर इंजेक्शन चढतं, आणि संध्याकाळी पाच वाजता दोन्हींचा हिशोब एकदम चुकता होतो. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. २२० बघून काही न करता बसायला जास्त धीर लागतो, हे मात्र खरं.

आडव्या बाणाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे. आडवा म्हणजे शुगर थांबलीय असं त्यांना वाटतं. ती थांबलेली असेलच असं नाही, फक्त मिनिटाला १ पेक्षा कमी वेगाने सरकतेय. रात्री झोपताना ८५ आणि आडवा बाण. मस्त, म्हणून दिवा मालवला. पण ती मिनिटाला ०.८ ने उतरत असेल तर अर्ध्या तासात २४ गेले, उरले ६१. म्हणून झोपताना मी बाणाबरोबर मोबाइलच्या ग्राफवरची मागच्या तासाभराची रेघही बघते. रेघ हळूहळू उतरत आलेली दिसली तर बाण कितीही आडवा असो, अर्धा कप दूध-बिस्किट होतं. रेघ सपाट असेल तर ८५ लाही निवांत झोपते.

गाडी चालवण्याचंही तसंच. घोडबंदर रोडने निघायचं असेल आणि ९५ वर तिरका खाली बाण असेल, तर आधी खाऊन घ्यायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, बाण वळलाय याची खात्री करायची, मग किल्ली हातात. तो रस्ता वीस मिनिटांचा असेल की दीड तासाचा, हे कोणी सांगावं? शुगर लो झालेल्या माणसाला ती लो आहे हे कळेलच असंही नसतं. जुन्या मधुमेहात ती घाम-थरथरीची सूचना पुष्कळदा पुसट होत जाते.

आता आमच्या घरात सगळ्यात जास्त गोंधळ कशावरून होतो, ते सांगते. शुगर खरोखरच लो झाली, ६२, बाण खाली. नियम सोपा आहे: १५ ग्रॅम झटकन लागणारी साखर घ्या, म्हणजे ग्लुकोज पावडर किंवा साखर तीन चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटं थांबा. पण पाच मिनिटांनी मोबाइल बघावा तर ५८, बाण अजून खालीच! नवरा पेढ्याचा पुडा घेऊन हजर. मुलगी केळं सोलतेय. सासूबाईंचा शिरा परतून तयार. हे सगळं प्रेमाने होतं आणि सगळं खाल्लं तर तासाभरात २६० होते. मघाशी सांगितलेली ती पाच-दहा मिनिटांची भानगड इथे उलटी चावते. रक्तात साखर पोचलेली असते, द्रावात पोचायची असते, आणि बाण तर सरलेल्या काही मिनिटांच्या आकड्यांवरून काढलेला असतो. त्यामुळे तो वळायला सगळ्यात शेवटी वळतो. अशा वेळी सेन्सर बाजूला ठेवायचा, १५ मिनिटांनी बोट टोचायचं आणि मीटरचं ऐकायचं. पेढा तर यात अगदीच निरुपयोगी. त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू लागते. पेढा नंतर, आनंदासाठी.

स्निग्धावरून मिसळ आठवली, आणि ठाण्यात राहून मिसळीचा विषय टाळता येत नाही. तर्रीदार मिसळ खाऊन तासाने बघितलं तर बाण आडवा, शुगर १५०. वा! पण तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, आणि पाव-फरसाणाचा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या तासाला येतो. माझा तिरका वर बाण मिसळीनंतर बऱ्याचदा तेव्हा उगवतो. नुसता चहा-बिस्किटांचा बाण मात्र वीस मिनिटांत उभा. कुठला पदार्थ आपल्याला कधी चढतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं, पण एकदा समजलं की बाण बघून धक्का बसत नाही. पहाटे चार ते आठच्या दरम्यान पोटात काही नसताना तिरका वर बाण दिसतो, त्यालाही घाबरू नका. त्या वेळी शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत स्वतःच साखर सोडतं. रोज होत असेल तर डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

बाणावर किती विश्वास ठेवायचा, हेही तुम्ही विचारता. बराच ठेवा, पण आंधळा नको. मध्यरात्री अलार्म वाजला, ५६, बाण सरळ खाली. घरभर दिवे लागले. बोट टोचलं तर १२१. मी सेन्सरच्या कुशीवर झोपले होते, तेवढंच. दंड दाबला गेला की त्या जागी द्राव नीट फिरत नाही आणि सेन्सर खोटी लो दाखवतो. ग्राफवर हे ओळखू येतं: रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येते आणि कूस बदलली की तशीच सरळ वर जाते. खरी लो एवढ्या काटकोनात सहसा येत नाही. तरीही रात्री तर्क लढवत बसू नका. बोट टोचा, तोच निकाल. नव्या सेन्सरचा पहिला दिवसही जरा लहरी असतो. आणि पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसभर चघळणाऱ्यांनी लक्षात ठेवा: त्याने या सेन्सरवर शुगर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. लो झाकली जाण्याचा धोका असतो तो असा.

कधीकधी बाण दिसतच नाही. आकडे पुरेसे जमले नसले की यंत्र बाण काढत नाही. तेव्हा "मघाशी आडवा होता" यावर गाडी चालवायची नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्या फिरायच्या कंपूतले एक काका मुलीने परदेशातून आणलेलं दुसरं यंत्र लावून आले आणि आमचे बाण ताडून बघायला लागले. सगळ्या कंपन्यांचे बाण सारखे नसतात. लिब्रेचा सरळ उभा बाण म्हणजे मिनिटाला २ च्या वर, कितीही. डेक्सकॉमचा एक उभा बाण म्हणजे २ ते ३, आणि ३ च्या वर गेलं की दोन बाण. मेडट्रॉनिकच्या गार्डियनमध्ये एक उभा बाण म्हणजे फक्त १ ते २, दोन बाण म्हणजे २ ते ३, तीन बाण म्हणजे त्याच्याही वर. दिसायला एकच बाण, पण एका यंत्रावर ती चालण्याची गती आणि दुसऱ्यावर धावण्याची. आपल्या यंत्राचं माहितीपत्रक वाचा, शेजाऱ्याचं नको.

आता तुमच्यापैकी ज्यांना फक्त मेटफॉर्मिन चालू आहे, त्यांच्यासाठी खाली जाणारा बाण ही सहसा घाबरायची गोष्ट नाही. ती एकटी गोळी शक्यतो शुगर लो करत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या असतील तर मात्र सावध राहा, त्यांनी लो होऊ शकते, विशेषतः जेवण चुकवलं तर. आणि मधुमेह नसताना जिममधलं कोणी सांगितलं म्हणून सेन्सर लावणाऱ्या पोरांना माझं म्हणणं स्पष्ट आहे. जेवल्यावर निरोगी माणसाचीही शुगर वर जाते आणि खाली येते. ते बाण बघून भात सोडणारा मुलगा मी बघितलाय. पैसे त्याचे, काळजी त्याच्या आईला.

कंपूतल्या सत्तरी ओलांडलेल्यांसाठी एक वेगळं. बहुतेकांसाठी शुगर ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळजवळ सतरा तास, असं लक्ष्य २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत दिलंय. वयस्कर आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी त्याच शिफारशी ५० टक्क्यांवर समाधान मानतात, पण ७० च्या खालचा वेळ एका टक्क्याच्या आत ठेवायला सांगतात. त्यांना पडून हाड मोडण्याची भीती १९० च्या आकड्यापेक्षा मोठी. म्हणजे त्यांनी वर जाणाऱ्या बाणाशी थोडं सैल आणि खाली जाणाऱ्याशी कडक वागायचं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: बाण वर असेल तर इन्सुलिन किती वाढवायचं आणि खाली असेल तर किती कमी करायचं? हे मी सांगणार नाही, आणि माझा डोस तर मुळीच सांगणार नाही. एक युनिट एखाद्याची शुगर २० ने उतरवतं, दुसऱ्याची ५० ने. माझ्या दोन युनिटांनी तुमची भलतीच पंचाईत होईल. बाणानुसार डोस बदलण्याचे तक्ते असतात, पण त्यातला तुमचा रकाना डॉक्टरांनी ठरवायचा असतो. त्यांच्याकडे जाताना दोन आठवड्यांचा रिपोर्ट न्या आणि त्यावर इंजेक्शनच्या वेळा आणि जेवणाच्या वेळा हाताने लिहा. नुसता ग्राफ नेलात तर तेही पहिल्यांदा हेच विचारतील, "हा बाण वर गेला तेव्हा काय खाल्लं होतं?"