तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिएटर मागं का?

"रेडिएटर मागं कशाला नेलास गा?" बेळगावात गोवावेसच्या पंपावर, खानापुरात चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या मांडवातसुद्धा हेच. वर विचारणाऱ्याच्या आवाजात कीव. माझ्या जिपेचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी जाळी, मी पुढनं काढून मागच्या सीटच्या जागी नेलाय, त्याबद्दल आता एकदाच लिहून टाकतो.

समोरून वारा लागतो म्हणून तो समोर असतो, हे मलाही ठाऊक आहे. हायवेला ते खरं. पण जांबोटीच्या पलीकडं पावसाळ्यात, लो गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं चढताना वारा कसला? पंखा ओढेल तेवढीच हवा. तिच्याही वाटेत विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), दिवे आणि जाळीत थापलेला आपला तांबडा चिखल. तो सुकला की प्रेशरचं पाणी मारून जाळीच्या पातळ पत्र्या, फिन्स, आडव्या होतात, चिखल जागचा हलत नाही.

एवढ्यासाठी मात्र मी जीप कापली नसती. कणकुंबीच्या बाजूला एक ओढा आहे, त्याच्यामुळं कापली.

ताईच्या सासरी भाचीचं बारसं होतं. न्यायला आलेले दाजी शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, मागं दोरीनं बांधलेला नवा पाळणा. ओढा नेहमीचाच, पाणी बंपरच्या वर. मधोमध पोचलो आणि बॉनेटखालून खर्रर्र असा आवाज आला. इंजिन तिथंच बंद केलं, म्हणून इंजिनाचं हेड तापून वाकायचं वाचलं. पाण्यात पंखा हवेतल्यासारखा मोकळा फिरत नाही, पाती पुढं वाकतात, आणि पुढं बोटभर अंतरावर रेडिएटर. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या जाळीवर कंपासनं आखल्यासारखा गोल, नळ्या चिरलेल्या, आणि तांबड्या पाण्यावर हिरवा कूलंट पसरत चाललेला. दाजी मांडीभर पाण्यात उतरले, पाळणा डोक्यावर घेतला आणि चालू लागले. एक शब्द नाही. ओढायला आलेला ट्रॅक्टरवाला तेवढा बोलला, "पंख्याचा बेल्ट काढायचा की ओ आधी!" मी पोचलो तोवर आत्यानं कानात नाव सांगून झालं होतं, शेजारच्यांकडनं मागून आणलेल्या पाळण्यात.

बेल्ट काढा, पुढं ताडपत्री बांधा, हा सल्ला पूर्वी मीच लोकांना द्यायचो. आजही तो चूक म्हणणार नाही. पण दर ओढ्याला बॉनेट उघडून बेल्ट काढणारा माणूस मला दाखवा. शिवाय माझ्या जिपेत त्याच बेल्टवर वॉटर पंप आहे, म्हणजे इंजिनातलं पाणी फिरायचंही थांबलं.

मग उद्यमबागेत मित्राच्या शेडमध्ये काम काढलं. मागच्या सीटच्या जागी रेडिएटर उभा केला, दोन इलेक्ट्रिक पंखे, प्रत्येकाची रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज वेगळा. चासीच्या कडेनं स्टीलचे पाइप. त्यांच्या टोकांना बीडिंग, म्हणजे उठावाची गोल कडा, हवंच, नाहीतर क्लँप कितीही आवळा, प्रेशरला होज निसटतो. खालची लाइन पंपाच्या ओढीची. तिथं लांब रबर घातलं तर रेस केल्यावर चपटं होतं. आणि पाणी भरायची कॅप सगळ्यांत उंच ठेवायची. नाहीतर हवा अडकते, सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि तापमानाचा काटा खोटं सांगतो.

वाईटही सांगतो. मागं बसायची सोय गेली. पुढं बसणाऱ्याच्या मानेला गरम झळ लागते, आई तर आता या जिपेत चढतच नाही. गोव्यातल्या केरीकडून चोर्ला घाट चढताना एप्रिलात दोन्ही पंखे अखंड चालू, तरी काटा वरच. "समोर असता तर?" असं बायको दर खेपेला विचारते. मी ओढ्याचं नाव काढतो. ती म्हणते, "ओढा पावसाळ्यात, घाट बारा महिने." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि रेडिएटर पुन्हा पुढं आणायचाही विचार नाही.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी पुस्तकातला) तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. रेडिएटरची जागा त्यात येते का, यावर माझं आणि वकील मित्राचं भांडण चालूच आहे. तो म्हणतो येते. मी म्हणतो, मग माझ्या आधी विंचवाल्यांना धर.