मग सरळ लॉगिन का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, आणि यापुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देईन. दूरच्या यानांना कमांड पाठवायचं सॉफ्टवेअर लिहिते म्हटलं, की प्रश्न ठरलेला: 'आम्ही घरबसल्या ऑफिसचा कॉम्प्युटर चालवतो, तुम्हाला काय अडचण?'

मंगळ जवळ असला तर सिग्नलला एका बाजूने ३ मिनिटं लागतात, लांब गेला की २२. इंटरनेटवर कॉम्प्युटर ज्या पद्धतीने बोलतात त्या टीसीपीमध्ये तर दोघांची नुसती ओळख पटायलाच एक जाऊन-येऊन फेरी जाते. म्हणून बंडल प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अशा दूरच्या संपर्कासाठीच्या पद्धतीत, वाटेतलं प्रत्येक यंत्र निरोप सांभाळून ठेवतं आणि पुढची जोडणी मिळाली की सोडतं. टाइप करा, बघा, सुधारा हे इथे चालत नाही. पडद्यावर दिसतं ते केव्हाच घडून गेलेलं असतं.

एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही. 'मग यानालाच ठरवू द्या ना!' हे मात्र टोचतं, कारण मीही हेच म्हणायची.

२१ जुलै २०२३ ला पाठवलेल्या कमांडच्या मालिकेने नासाच्या व्हॉयेजर २ यानाची अँटेना पृथ्वीपासून २ अंश ढळली. यान जवळजवळ २,००० कोटी किलोमीटरवर. संपर्क तुटायला २ अंश पुरले. मी तावातावाने म्हणत होते, स्वतःला बहिरं करणारी कमांड यानाने नाकारायलाच हवी होती. यानाला तेवढी अक्कल दिलेली नव्हती. पण वर्षातून काही वेळा आपली दिशा पुन्हा जुळवायची, हे त्यात आधीच लिहिलेलं होतं. पुढची पाळी १५ ऑक्टोबरची. म्हणजे हातावर हात ठेवून बसणं हाही खरा पर्याय होता! नासाचे लोक बसले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या मोठ्या डिश अँटेनावरून जोर लावून हाक मारली. जायला साडेअठरा तास, उत्तर यायला तेवढेच. ४ ऑगस्टला यान बोलू लागलं.

आणि माझा मुद्दा तिथेच लंगडा पडला. वाचवणारी कमांडसुद्धा 'अँटेना हलव' हीच होती. आपली दिशा बरोबरच आहे असं धरून बसलेल्या हुशार यानाने तीही फेटाळली असती.

मग काय, मुकाट पाळणारं यंत्र बरं? व्हायकिंग १ ने पाळलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये मंगळावरच्या त्या लँडरला सदोष कमांड गेली, अँटेना भलतीकडे वळली, आणि तो पुन्हा कधीच बोलला नाही.

म्हणून आम्ही यानात घड्याळ ठेवतो: इतका काळ पृथ्वीकडून काही आलं नाही, तर ठरलेल्या सुरक्षित स्थितीत जा. हा 'इतका काळ' किती, यावर आमचं अजून भांडण आहे. कमी ठेवला तर इकडची डिश दुरुस्तीला काढली तरी यान चालू काम टाकून देतं. जास्त ठेवला तर खरोखर भरकटलेलं यान तेवढा वेळ बॅटरी खात राहतं. सध्या मी जास्तच्या बाजूने आहे. कमीवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.