ग्राफ्ट, रक्तवाहिन्या आणि एक्सोसोमची बाटली

निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस पायावर सांडला, तर पाण्यानं भाजल्यापेक्षा जखम खोल जाते. रस चिकट, कातडीला धरून बसतो. अशा जखमेवर शेवटी मांडीची पातळ कातडी लावावी लागते, यालाच ग्राफ्ट म्हणतात. हल्ली नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ते एक्सोसोम घातलं तर लवकर धरेल काय?" एक्सोसोम म्हणजे पेशीनं बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून घालतात त्या. उत्तर हो-नाहीत देता येत नाही, कारण सगळा प्रश्न वेळेचा आहे.

लावलेली कातडी पहिले 24 ते 48 तास नुसती खालचा पाझर शोषून जगते. मग साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत तिच्या जुन्या केशवाहिन्यांची तोंडं जखमेतल्या वाहिन्यांना जुळतात. नव्या वाहिन्या आत शिरतात त्या त्याच्याही नंतर. ऑक्सिजन पेशींमधून जेमतेम 100-200 मायक्रोमीटर झिरपतो. म्हणून 0.3 मिलिमीटरची कातडी तग धरते, पण चरबीच्या ग्राफ्टमध्ये मोठा गोळा एका जागी सोडला की त्याचा गाभा मरतो. एक्सोसोमला खरा वाव आहे तो चरबीत आणि जाड ग्राफ्टमध्ये. पातळ कातडी बहुतेकदा सुटते ती खाली रक्त साठल्यानं, घासल्यानं किंवा स्ट्रेप्टोकोकस जंतूनं. तिथं नीट बांधलेलं ड्रेसिंगच उपयोगी. बाटलीतलं औषध रक्ताची गाठ उपसत नाही.

एक्सोसोमच्या या पिशव्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या. चरबीतल्या मूलपेशींच्या पिशव्यांमधून मिळणारा एमआयआर-125ए हा छोटा आरएनए वाहिनीच्या अस्तरपेशीतलं, कोंब रोखणारं डीएलएल4 हे प्रथिन दाबतो आणि नवे कोंब फुटायला वाट मोकळी होते. पण नुसत्या सलाइनमध्ये टोचल्या तर त्या जागेवर राहत नाहीत आणि रक्तात गेलेल्या लिव्हर-प्लीहेत अडकतात. त्यामुळं फायब्रिन (रक्त गोठताना होणारं प्रथिन) किंवा हायलुरॉनिक आम्लाच्या जेलमध्ये मिसळून काही दिवस सावकाश सुटतील असं बघावं लागतं.

बनवताना पेशी पोषक द्रवात, म्हणजे माध्यमात, वाढवतात आणि त्यात सुटलेल्या पिशव्या गोळा करतात. पहिला घोळ त्या माध्यमात घातलेल्या सीरमचा. गाईच्या सीरममध्ये तिचे स्वतःचे एक्सोसोम असतात, तेच मोजून लोक खूश होतात. सीरम सेंट्रिफ्यूज यंत्रात 1,00,000 जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोरानं) रात्रभर फिरवून वरचं घ्यावं, नाहीतर शेवटचे 24-48 तास पेशी बिनसीरम ठेवाव्यात. मात्र तेवढ्यात पेशी मरायला लागल्या तर मेलेल्यांचा कचराही पिशवीतच मोजला जातो. मग माध्यम 300 जी ला 10 मिनिटं, 2,000 ला 20, 10,000 ला 30 आणि शेवटी 1,00,000 जी ला 70 मिनिटं, सगळं 4 अंशांवर. दुसऱ्याच्या वहीतलं आरपीएम उतरवू नये. रोटर, म्हणजे नळ्या फिरवणारं चाक, बदललं की तेच आरपीएम वेगळं जी देतं. तळाचा थर डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून नळीच्या बाहेरच्या बाजूला आधीच मार्करनं खूण करावी आणि वरचं द्रव ओतताना ती बाजू वर ठेवावी. साठवण उणे 80 अंशांवर, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून. करंट जाऊन फ्रीजर उबदार झाला आणि माल वितळून पुन्हा गोठला की पिशव्या फुटतात, एकमेकींना चिकटतात. कणमोजणीचं यंत्र त्या गोळ्यांनाही कणच म्हणतं. पिशव्यांची खूण असलेली सीडी63, सीडी81 ही प्रथिनं दिसायला हवीत आणि पेशीच्या आतलं कॅलनेक्सिन दिसायला नको.

चाचणीत सगळ्यात जास्त फसवणारी ती मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलवर अस्तरपेशी धरतात ती वाहिन्यांसारखी जाळी. पिपेटची टिप गार नसली की जेल पिपेटमध्येच आळतं, आणि 24 तासांनी फोटो काढला तर जाळी आपोआप मोडलेली असते. 4 ते 6 तासांनीच बघावं. प्लेटच्या शेजारच्या खड्ड्यात, पिशव्या काढून घेतलेलं वरचं द्रवही ठेवावं. त्यानंही तितकीच जाळी धरली, तर श्रेय पिशव्यांचं नसून व्हीईजीएफसारख्या, वाहिन्या वाढवणाऱ्या सुट्या प्रथिनांचं. प्राण्यावर लावलेला ग्राफ्ट काढून सीडी31 (अस्तरपेशींची खूण) रंगवल्यावर वाहिन्या ढीगभर दिसतात, पण त्यातून रक्त वाहतं का, हे शिरेतून लेक्टिन (वाहिनीच्या अस्तराला चिकटणारं प्रथिन) सोडल्याशिवाय कळत नाही. आंधळ्या गल्ल्या मोजून पेपर छापून येतात, ग्राफ्ट मात्र काळाच पडतो.

बाजारातल्या बाटल्यांबाबत: अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, 2019 मध्येच इशारा दिला होता की एकही एक्सोसोम उत्पादन मंजूर नाही. आपल्याकडं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वंही रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर ट्रायलपुरताच ठेवतात. तेव्हा कुणी पैसे मागून घालतो म्हणाला, तर पेशी कुणाच्या, एका मिलिलिटरमध्ये कण किती, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) तपासलं का, आणि एथिक्स कमिटीचं पत्र कुठं आहे, एवढं विचारावं. ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत.